लिंकिन पार्कचा 'फ्रॉम झीरो': सात गाणी ठेवली, बाकीच्यांचं काय?

आजचा भाग लिंकिन पार्कच्या 'फ्रॉम झीरो' या अल्बमवर आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा एकच प्रश्न होता: "अल्बम चांगला आहे की नाही, एका वाक्यात सांग." ठीक आहे, एका वाक्यात सांगते. अकरा ट्रॅकपैकी सात मी फोनमध्ये डाउनलोड करून ठेवलेत, चार काढून टाकलेत, आणि ठेवलेल्या सातांबद्दलही माझी एक तक्रार आहे.

एवढ्यावर ज्यांचं समाधान झालं, त्यांनी खुशाल पुढचं सोडून गाणी ऐकायला जावं. बाकीच्यांसाठी आज जरा सविस्तर बोलूया. कारण या अल्बममध्ये "आवडलं, नाही आवडलं" याच्यापलीकडचा एक प्रश्न दडलाय. ज्या आवाजामुळे बँड ओळखला जातो तो आवाजच गेला, तर त्याच नावाने पुढे गाणं हे बरोबर आहे का? आणि ते आपण नेमकं कसं ऐकायचं?

आधी थोडी माहिती

ज्यांना बँड माहीत आहे त्यांनी हा भाग पटकन ऐकून पुढे जा.

लिंकिन पार्क हा अमेरिकेतला, कॅलिफोर्नियातला बँड. २००० साली त्यांचा 'हायब्रिड थिअरी' आला, २००३ साली 'मेटिओरा'. जड गिटार, रॅप, डीजेचं स्क्रॅचिंग आणि मध्येच कानाचे पडदे हलवणारी किंकाळी, असं सगळं एकत्र करून तीन-साडेतीन मिनिटांत बसवायचं, ही त्यांची खासियत. रॅप करायचा माइक शिनोडा आणि गायचा चेस्टर बेनिंग्टन. 'इन द एंड', 'नम्ब', 'क्रॉलिंग' ही गाणी आपल्याकडे किती पोचली होती ते तुमच्या मोठ्या भावंडांना विचारा. स्वस्त फोन, त्यात दोन जीबीचं मेमरी कार्ड, आणि ब्लूटूथवरून एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये जाणारी गाणी. इंग्रजी शब्द निम्मे कळायचे नाहीत, पण ओरडण्याचा अर्थ सगळ्यांना कळायचा.

२० जुलै २०१७ ला चेस्टर गेला. त्याने आत्महत्या केली. त्याच्या दोनच महिने आधी बँडचा सातवा अल्बम 'वन मोअर लाइट' आला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिसला हॉलिवूड बोलमध्ये त्याच्या आठवणीत एक मोठा कार्यक्रम झाला आणि त्यानंतर बँड जवळजवळ गप्प झाला. मधल्या काळात जुनी, न वापरलेली गाणी बाहेर आली. 'मेटिओरा'च्या वेळचं 'लॉस्ट' २०२३ मध्ये आलं, 'फ्रेंडली फायर' २०२४ मध्ये. ती चेस्टरच्याच आवाजात होती.

मग ५ सप्टेंबर २०२४ ला बँडने जाहीर केलं की आम्ही परत येतोय. नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँग, ही आधीपासून डेड सारा नावाच्या बँडमध्ये गाते. नवा ड्रमर कॉलिन ब्रिटन, जो स्वतः निर्माताही आहे. जुना ड्रमर रॉब बोर्डन परत आला नाही. गिटारवादक ब्रॅड डेल्सन बँडमध्ये आहे, स्टुडिओत काम करतो, पण दौऱ्यांवर त्याच्या जागी अ‍ॅलेक्स फेडर वाजवतो. आणि १५ नोव्हेंबर २०२४ ला आला आठवा अल्बम, 'फ्रॉम झीरो'.

घोषणेच्या दिवसापासून एमिलीबद्दल वादही झाला. काही वर्षांपूर्वी ती एका ओळखीच्या माणसाच्या कोर्टातल्या सुनावणीला त्याच्या बाजूने हजर राहिली होती. तो माणूस पुढे बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरला. एमिलीने जाहीरपणे सांगितलं की त्याला ओळखण्यात आपली चूक झाली आणि त्यानंतर आपण त्याच्याशी बोललेलो नाही. कुणाला हे स्पष्टीकरण पुरतं, कुणाला पुरत नाही. तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. मी इथे अल्बमबद्दल बोलतेय.

'झीरो' का?

नावाचा अर्थ "शून्यापासून सुरुवात" असा तर आहेच. पण त्यात अजून एक गोष्ट आहे. १९९६ च्या सुमारास हा बँड सुरू झाला तेव्हा त्याचं नावच 'झीरो' होतं, स्पेलिंग फक्त वेगळं, 'एक्स'ने सुरू होणारं. आणि तेव्हा गायक चेस्टर नव्हता! मार्क वेकफिल्ड नावाचा गायक होता. तो सोडून गेला, बँडला गायक हवा होता, आणि १९९९ मध्ये अ‍ॅरिझोनाहून चेस्टर आला. तोसुद्धा आधी ग्रे डेझ नावाच्या दुसऱ्या बँडमध्ये गायचा.

हे लक्षात ठेवा, कारण "दुसऱ्या बँडमधली गायिका आणून बसवली" हा आरोप करताना आपण विसरतो की चेस्टरही असाच आला होता. फरक एवढाच की तो आला तेव्हा बँडला कुणी ओळखत नव्हतं. तुलना करायला कुणी नव्हतं. एमिलीच्या वाट्याला जगभरचे कोट्यवधी कान आले, आणि प्रत्येक कानात आधीच एक आवाज बसलेला.

आवाजाचं गणित

चेस्टरचा आवाज इतका खास का होता? बरेच जण म्हणतात, "तो भारी ओरडायचा." ओरडणारे रॉकमध्ये पोत्याने सापडतील. चेस्टरची गंमत अशी होती की त्याच्या ओरडण्यात सूर टिकायचा. घोगरेपणा वरून लावलेला असायचा आणि खाली स्वर स्वच्छ उभा असायचा. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे अंतर. एकाच गाण्यात कानाशी कुजबुजल्यासारखं सुरू करायचं आणि दोन मिनिटांनी छप्पर उडवायचं. आपल्याला जे आतून हलवतं ते त्या दोन टोकांमधलं अंतर असतं, नुसतं वरचं टोक नाही.

एमिलीचा आवाजही घोगरा आहे, ताकदीचा आहे. 'हेवी इज द क्राउन' या गाण्यात तिची एक किंकाळी आहे, साधारण पंधरा सेकंदांची, एका दमात. असं ओरडताना शिकलेले गायक मुख्य स्वरतंतूंवर सगळा जोर देत नाहीत. त्यांच्या वर जे पडदे असतात त्यांचा खरखरीतपणा वापरतात आणि पोटातून श्वास सोडतात. तरी तेवढा वेळ टिकवणं सोपं नाही. विश्वास बसत नसेल तर उशीत तोंड घालून करून बघा, म्हणजे शेजारचे दार वाजवणार नाहीत.

मग फरक कुठे आहे? माझ्या कानाला असं वाटतं की एमिली रागात जास्त खुलते आणि चेस्टर वेदनेत जास्त खुलायचा. तिच्या आवाजात "मी तुला सोडणार नाही" आहे. त्याच्या आवाजात "मला कुणीतरी धरा" होतं. हा काही गुण-दोष नाही, स्वभाव आहे. पण यामुळे लिंकिन पार्कचं गाणं ज्या जागी आपल्याला लागायचं ती जागा बदलली. ही एक गोष्ट समजली की या अल्बमबद्दलची निम्मी भांडणं आपोआप मिटतात.

काय जमलंय

सगळ्यात आधी 'द एम्प्टिनेस मशीन'. घोषणेच्या दिवशी लोकांनी हेच गाणं पहिल्यांदा ऐकलं, आणि त्याची रचना मला फार हुशार वाटते. पहिलं कडवं माइक गातो. धृपदही माइकच गातो. म्हणजे ओळखीचा माणूस दार उघडतो, आपल्याला आत घेतो, पाणी विचारतो. एमिली येते ती दुसऱ्या कडव्यात. तोपर्यंत चाल आपल्या ओळखीची झालेली असते, त्यामुळे नवा आवाज परका वाटत नाही. समजा पहिल्या ओळीपासून ती गायली असती, तर आपण चाल ऐकलीच नसती, फक्त तुलना केली असती. नवीन माणसाची ओळख करून द्यायची रीत असते ना, तशी ही ओळख करून दिलीय.

'हेवी इज द क्राउन' हे २०२४ च्या 'लीग ऑफ लेजंड्स' या गेमच्या जागतिक स्पर्धेचं गाणं होतं. गेमर मंडळींना तोंडपाठ असेल. माइकचा वेगवान रॅप, वर तिचं धृपद. 'मेटिओरा'मधल्या 'फेंट'ची आठवण येते, अगदी स्पष्ट येते. यावर पुढे बोलते.

'कॅज्युअल्टी' सव्वादोन-अडीच मिनिटांचं आहे आणि सरळ अंगावर धावून येतं. यात माइक स्वतः ओरडलाय! इतकी वर्षं जो माणूस शांतपणे रॅप करायचा, तो इथे गळा फाडतो. मला हे ऐकून बरं वाटलं. जणू ओरडण्याचं ओझं आता एकाच माणसावर टाकायचं नाही असं त्यांनी ठरवलंय. हा माझा अर्थ आहे हं, बँडने असं कुठे म्हटलेलं नाही.

'ओव्हरफ्लो' हे माझं अल्बममधलं सगळ्यात आवडतं. संथ, धुक्यासारखं, खाली बेस सरपटत जातो आणि गाणं हळूहळू भरत जातं. २०१० च्या 'अ थाउजंड सन्स'मध्ये त्यांनी असे प्रयोग केले होते. इथे एमिली ओरडायची घाई करत नाही, आणि म्हणूनच तिच्या आवाजातला वेगळा रंग कळतो.

'टू फेस्ड' म्हणजे सरळ २००० साल. जो हानचं स्क्रॅचिंग, थांबून थांबून येणारी गिटार. आणि शेवटचं 'गुड थिंग्ज गो', ज्यात अल्बम पहिल्यांदा शांतपणे बसून स्वतःकडे बघतो. सातवं 'आय-जी-वाय-ई-आय-एच'. नाव विचित्र आहे, एका इंग्रजी वाक्याची आद्याक्षरं आहेत ती. गाणं मात्र पोटात गुद्दा मारणारं. गेल्या महिन्यात जिममध्ये सलग चार वेळा लावलं, शेवटी ट्रेनरने विचारलं, "काय ऐकतेयस गं, चेहरा असा का केलायस?"

काय खटकतं

आता तक्रारींकडे येऊ.

एक. यादी करून अल्बम बनवल्यासारखा वाटतो. एक गाणं 'हायब्रिड थिअरी'सारखं, एक 'मेटिओरा'सारखं, एक 'अ थाउजंड सन्स'सारखं. 'कट द ब्रिज' ऐका आणि लगेच २००७ चं 'ब्लीड इट आउट' ऐका, ताल बघा. जुन्या चाहत्यांना "घाबरू नका, आम्ही तेच आहोत" असं सांगायची गरज होती, ते मला समजतं. पण घरात आलेल्या पाहुण्याला आपण आधी जुने फोटोच दाखवत बसलो तर नव्याने ओळख कधी होणार?

दोन. गाणी संपतात लवकर. सगळा अल्बम साधारण ३२ मिनिटांचा आहे, बँडच्या सगळ्या स्टुडिओ अल्बममध्ये सगळ्यात छोटा. ठाण्याला गाडीत बसलात तर दादर येईपर्यंत संपतो. छोटं असणं वाईट नाही. 'हायब्रिड थिअरी'सुद्धा ३८ मिनिटांच्या आतच होता. पण मी मघाशी अंतराबद्दल बोलले ना? कुजबुज ते किंकाळी? ते अंतर चालून जायला वेळ लागतो. 'ओव्हर ईच अदर' आणि 'स्टेन्ड' या दोन गाण्यांत चाल येते, धृपद येतं, परत धृपद येतं, आणि गाणं खलास. मधला भाग, ज्याला 'ब्रिज' म्हणतात, जिथे गाणं वळण घेतं, तो नुसता नावाला. 'ओव्हर ईच अदर'मध्ये मुख्य आवाज एकट्या एमिलीचा आहे. म्हणजे तिला पूर्ण मैदान मिळालं होतं, आणि नेमकं तिथे गाणंच सपाट निघालं. याचं मला खरंच वाईट वाटतं.

तीन. बाहेरचा कान नाही. हे जरा समजावून सांगते. पहिल्या दोन अल्बमचा निर्माता होता डॉन गिलमोर. नंतरच्या तीन अल्बमवर रिक रुबिनने माइकसोबत काम केलं. निर्माता म्हणजे फक्त बटणं फिरवणारा नव्हे. "हे कडवं फालतू आहे, परत लिही" असं तोंडावर म्हणू शकणारा माणूस. 'फ्रॉम झीरो'ची निर्मिती मुख्यतः माइकची आहे, सोबत ब्रॅड आणि कॉलिन. सगळे बँडमधलेच. कॉलिन नवा आहे आणि त्याचे ड्रम्स झकास आहेत, पण नवा आलेला माणूस घरातल्या मोठ्याला किती अडवणार? 'स्टेन्ड' ऐकताना मला हे जाणवतं. कुणीतरी म्हणायला हवं होतं, "माइक, हे ठीक आहे, पण ठीकच आहे."

चार. शब्द जरा सुरक्षित आहेत. राग आहे, फसवणूक आहे, नात्यातली ओढाताण आहे. पण कुणावर राग, कशाचा, ते हाताला लागत नाही. सात वर्षं जे घडलं त्याला थेट स्पर्श करणारं गाणं मी शोधत होते. 'गुड थिंग्ज गो' त्याच्या जवळून जातं, एवढंच.

काढून टाकलेले चार म्हणजे 'कट द ब्रिज', 'ओव्हर ईच अदर', 'स्टेन्ड' आणि सुरुवातीचा वीस-बावीस सेकंदांचा तुकडा. तो तुकडा वाईट नाही, पण प्लेलिस्टमध्ये शफलवर मध्येच आला की दचकायला होतं.

सगळं इतकं मोठ्याने का वाजतं?

तुमच्यापैकी काहींची तक्रार होती की तीन-चार गाण्यांनंतर कान थकतात. ही तुमची कल्पना नाही, यामागे कारण आहे.

गाणं तयार करताना शेवटच्या टप्प्यावर, ज्याला मास्टरिंग म्हणतात, हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी करता येतं. मोठे आवाज दाबायचे आणि मग सगळंच वर उचलायचं. असं केल्यावर गाणं लगेच दमदार वाटतं. पण शांत जागाही मोठी झाली की मोठी जागा मोठी वाटत नाही. सगळेच ओरडायला लागले तर मासळी बाजारात कुणाचं ऐकू येतं? आजच्या बऱ्याच रॉक अल्बममध्ये हे होतं, आणि 'फ्रॉम झीरो' माझ्या कानाला त्यातलाच वाटतो.

गंमत म्हणजे याचा आता फारसा फायदाही उरलेला नाही. स्ट्रीमिंग अ‍ॅप स्वतःच सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणतात. म्हणजे तुम्ही गाणं कितीही मोठं बनवून पाठवा, अ‍ॅप त्याला खाली ओढतं. दाबलेलं अंतर मात्र परत येत नाही.

फोनवर तुम्ही तीन गोष्टी करू शकता. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्ट्रीमिंगची क्वालिटी बघा. डेटा वाचवण्याच्या मोडवर असेल तर झांजांचा आवाज फरसाणासारखा कुरकुरीत येतो. वायफायवर असताना चांगल्या क्वालिटीत डाउनलोड करून ठेवा. दुसरं, आवाज एकसारखा ठेवण्याच्या पर्यायात 'लाउड' निवडलेलं असेल तर 'नॉर्मल' करा. तिसरं, इक्वलायझरमध्ये बेस वाढवून ठेवला असेल तर या अल्बमपुरता तरी सरळ ठेवा, कारण गिटार आधीच खालच्या सुरात आहे. बेस अजून वाढवला की एमिलीचा आवाज चिखलात रुतल्यासारखा होतो.

दादा ऐकायला तयार नाही

माझा मावसभाऊ माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा आहे. इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर होता तेव्हा त्याचं पहिलं वर्ष फार वाईट गेलं. चार विषय राहिले होते, घरी सांगायची सोय नव्हती. तेव्हा रात्र रात्र तो हेडफोन लावून लिंकिन पार्क ऐकायचा. मला हा बँड माहीत झाला तो त्याच्याच फोनमधून. नवा अल्बम आल्यावर मी त्याला फोन केला.

"दादा, ऐकलास का?"

"नाही. ऐकणार पण नाही."

"अरे, एकदा ऐक तरी. ती चांगली गाते."

"गात असेल गं. वाईट गाते असं मी कुठे म्हणतोय? पण तो माणूस माझ्याशी बोलायचा तेव्हा दुसरं कुणी बोलत नव्हतं. आता त्याच नावाने दुसरं कुणी बोललं तर मला नको वाटतं."

मी वाद घातला नाही. कारण यात पटवून देण्यासारखं काही नाहीच. दादाचं नातं आवाजाशी आहे. माझं नातं गाण्यांशी आहे. दोन्ही खरी नाती आहेत, आणि एका अल्बमने दोघांचंही समाधान करावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

अशी वेळ आधीही बँडवर आलीय, आणि प्रत्येकाने वेगळा रस्ता घेतलाय. एसी-डीसीचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी ब्रायन जॉन्सनला घेऊन 'बॅक इन ब्लॅक' काढला आणि तो जगातल्या सगळ्यात जास्त खपलेल्या अल्बमपैकी एक झाला. जॉय डिव्हिजनचा इयन कर्टिस १९८० मध्येच गेला. बाकीच्यांनी नावच बदललं आणि 'न्यू ऑर्डर' म्हणून पुढे गेले. अ‍ॅलिस इन चेन्सचा लेन स्टेली २००२ मध्ये गेला. त्यांनी २००९ पर्यंत नवा अल्बम काढला नाही, आणि काढला तेव्हा गायक विल्यम ड्युवॉल आणि जुना गिटारवादक जेरी कँट्रेल यांनी मिळून गायलं, जेणेकरून एकट्या नव्या माणसावर भार येऊ नये. लिंकिन पार्कने या तिसऱ्या रस्त्याच्या जवळचा रस्ता घेतलाय. सात वर्षांची थांबण्याची मुदत, आणि माइक सोबतीला.

आपल्याकडे हे कळायला फार लांब जायला नको. 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ साली आलं, खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे. अनेकांसाठी ती भूमिका म्हणजे तोच गळा. पुढे त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी तीच भूमिका रंगमंचावर केली, आणि २०१५ च्या सिनेमात खाँसाहेबांचा गाता आवाजही त्यांचाच होता. ज्यांनी वसंतरावांना समोर बसून ऐकलं होतं त्यांच्यातले काही जण आजही मान हलवतात, "ते वेगळंच होतं हो." आणि ते खरंच वेगळं होतं. पण माझ्या वयाच्या कितीतरी पोरापोरींना नाट्यसंगीत आवडायला लागलं ते त्या सिनेमामुळे. जुनं ऐकलेल्याचं दुःख खरं, आणि नव्याने ऐकणाऱ्याचा आनंदही खरा.

मग कसं ऐकायचं?

माझी पद्धत सांगते, पटली तर घ्या. पहिल्यांदा ऐकताना जुनं काहीही त्याच दिवशी ऐकू नका. सरळ पहिल्या ट्रॅकपासून शेवटपर्यंत, ३२ मिनिटं, बस. दुसऱ्यांदा फक्त माइककडे लक्ष द्या. तो कुठे गातो, कुठे मागे सरतो, कुठे तिच्या आवाजाखाली स्वतःचा आवाज ठेवतो. मला अल्बमची खरी गोष्ट तिथे सापडली. आपला मित्र गमावलेला माणूस, नव्या माणसाला जागा करून देतोय. तिसऱ्यांदा तुमची गाणी निवडा आणि बाकीची बिनधास्त काढून टाका. अख्खा अल्बम आवडलाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. थाळीतली कारल्याची भाजी बाजूला सारली म्हणून जेवण वाया जात नाही.

मे २०२५ मध्ये याची डिलक्स आवृत्ती आली, तीन नवी गाणी घेऊन: 'अप फ्रॉम द बॉटम', 'अनशॅटर' आणि 'लेट यू फेड'. 'अनशॅटर' जरूर ऐका. इथे एमिली कुणाची तरी जागा भरतेय असं वाटत नाही, ती गाणं स्वतःच्या अंगाने गाते. पुढचा अल्बम या दिशेने गेला तर मी पहिल्या दिवशी ऐकेन. परत जुन्या फोटोंचा अल्बम निघाला, तर सवडीने.

माझा निकाल: 'फ्रॉम झीरो' हा चांगला पूल आहे. त्यावरून पलीकडे जायचंय, त्याच्यावर घर बांधायचं नाहीये.

आता तुमची पाळी. तुम्ही कोणती गाणी ठेवलीत, कोणती काढलीत, आणि दादासारखं तुमच्या घरात कुणी आहे का, व्हॉइस नोट पाठवा. एक मिनिटाच्या आत ठेवा हं, मागच्या वेळी एकाने नऊ मिनिटांची पाठवली होती आणि त्यातली चार मिनिटं ट्रॅफिक होतं.

आणि जाता जाता एक महत्त्वाचं. चेस्टरचा विषय निघाला की काही जणांच्या आत काहीतरी हलतं. तुमच्यावर किंवा तुमच्या मित्रावर अशी वेळ आली असेल, तर एकट्याने हेडफोन लावून बसू नका. सरकारची टेलीमानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास चालते, फोन फुकट लागतो आणि मराठीतही बोलता येतं. नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा. आपल्याला नाही तर दुसऱ्या कुणाला लागेल.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत आवाज जरा कमी ठेवा, कान एकच जोडी मिळतात.